लिनबाईंची चौथी चाल

चैत्रात लिनबाई लाकूड होत्या, आणि ज्येष्ठ लागता लागता त्यांनी पेट घेतला.

मिरजेतल्या त्या गल्लीत याचं फारसं कुणाला नवल वाटलं नाही. लिनांचं घर तीन पिढ्यांपासून तिथे होतं. खाली दातांचा दवाखाना, वर बिऱ्हाड. आजोबा चीनमधून दातांचं कसब घेऊन निघाले, काही वर्षं कलकत्त्याला टेकले, आणि शेवटी हवा मानवली म्हणून मिरजेत राहिले. त्या घरातली माणसं म्हातारी झाली की पाच चाली चालतात, हे गल्लीला ऐकून ठाऊक होतं. प्रत्यक्ष पाहिलं मात्र कुणीच नव्हतं, कारण आजोबांच्या वेळचं कुणी उरलं नव्हतं आणि लिनबाईंचे यजमान चालायला लागायच्या आधीच साध्या तापानं गेले होते.

पाहिलं ते उत्तरानं. उत्तरा लिनबाईंची सून. फार वर्षांपूर्वी ती सांगलीहून दाढ दुखते म्हणून या दवाखान्यात आली होती. तरुण डॉक्टरांनी दाढ काढली नाही, वाचवली. दाढ तोंडात राहिली आणि उत्तरा घरात.

लिनबाई दक्षिणेकडच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी मांडी घालून जळत होत्या. एक पडदा सोडला तर त्यांनी काही जाळलं नाही. त्यांच्यावर चहा ठेवायला उत्तराला पहिल्यांदा संकोच वाटला.

"ठेव गं," लिनबाई म्हणाल्या. "नाहीतरी ऊब फुकटच चाललीय."

तो चहा कडू झाला. त्या दिवसांत सगळंच कडू लागत होतं, आणि तरी सगळे हसत होते. खाली दवाखान्यात दाढ उपटून घेतलेला माणूसही रक्ताचा बोळा गालात धरून हसत बाहेर पडे. शेजारच्या जमखंडीकर वहिनी रोज संध्याकाळी शेकायला येऊन बसत.

"आमच्यातही पाच असतात हो," त्या एकदा म्हणाल्या. "पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश."

"तुमची पाच असतात," लिनबाई म्हणाल्या, आणि ज्योत वहिनींकडे थोडी कलली. "आमची पाच चालतात. लाकूड म्हणजे काही फळी नव्हे, वहिनी. वर निघायची ओढ, ते लाकूड. आहे ते उधळून टाकायची हौस, तो विस्तव. मग जरा बसायचं, ती माती. मग स्वतःला आवरून घ्यायचं, तो धातू."

"आणि पाचवं?"

"आवरलेलं सोडून द्यायचं. पाणी."

डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. त्या दिवसांत हसले नाहीत असे ते एकटेच.

श्रावणात लिनबाई विझल्या. राख माजघराच्या मधोमध बसली आणि तिची पिवळी माती झाली. आमटीला गूळ न घालताही ती गोड लागू लागली. घरात जो येई तो विचारात पडे. डॉक्टर चिमटा हातात धरून आणि पेशंट तोंड उघडून, दोघेही जेवणाच्या वेळेपर्यंत कसलातरी विचार करत राहात. उत्तरा मातीच्या ढिगाशेजारी बसून मटार सोलायची आणि मधूनच सासूबाईंच्या अंगावर पाण्याचा हात फिरवायची.

पितृपंधरवड्यात ती माती भेगाळली. आतून पांढरा, गुळगुळीत धातू निघाला, बसलेल्या माणसाएवढा. घासून लख्ख केलेल्या परातीसारखं त्यात तोंड दिसे.

डॉक्टरांनी आईला पश्चिमेच्या खोलीत खिडकीत ठेवलं आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"धातू टिकतो," ते उत्तराला म्हणाले. "मी आयुष्यभर धातूचंच काम करतोय. लोकांची हाडं जातात, पण त्यांच्या दातांतला माझा धातू राहतो. आता ही कुठे जात नाही."

लिनबाई आवरून घेत होत्या. रोज थोड्या लहान होत होत्या. आधी घागरीएवढ्या, मग तांब्याएवढ्या. आवाजही ताणलेल्या तारेसारखा बारीक झाला.

धातूबरोबर घरात रडू आलं, आणि घरातून ते गल्लीत गेलं. कुणाचं काही गेलं नव्हतं. पण जमखंडीकर वहिनींना लहानपणी विहिरीत पडलेलं पितळेचं झाकण आठवलं आणि त्या दुपारभर रडल्या. रिक्षावाले मीटर टाकताना रडत. ते रडणं शांत होतं. त्याचा कामात अडथळा होत नव्हता. जेवण तिखट लागे, म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचं कुणी कारणही विचारत नव्हतं.

पहाटे लिनबाईंच्या अंगावर दव धरायचं. बारीक थेंब, पाठीवर आणि कपाळाच्या जागी. डॉक्टर दवाखान्यातलं गॉज घेऊन वर येत आणि थेंबनथेंब टिपून घेत. मग कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसत. पुसून झालं की त्या आदल्या दिवशीपेक्षा जास्त चमकत आणि थोड्या लहान दिसत.

"आहुआ," एकदा तारेसारखा आवाज आला. घरात डॉक्टरांना या नावानं फक्त त्या हाक मारायच्या. "घाम येऊ दे मला."

"गंज चढेल, आई."

"गंज नाही रे तो."

डॉक्टरांनी पुसणं थांबवलं नाही.

मग आश्विन संपेनासा झाला. कॅलेंडरचं पान उलटलं तरी खाली तेच पान निघे. गल्लीत फराळ तयार होता, आकाशकंदील टांगलेले होते, पण वसुबारस येत नव्हती. संध्याकाळी तीच पिवळी उन्हं, झाडांवरून तीच पानगळ. झाडं बोडकी झाली तरी पानं गळतच राहिली.

"करंज्या मऊ पडल्या आमच्या," जमखंडीकर वहिनी डोळे पुसत उत्तराला म्हणाल्या. "तुमच्या घरात काहीतरी अडलंय, उत्तरा. डॉक्टरांना सांग. विस्तवात टाकलं तर धातू वितळतो म्हणतात."

उत्तरानं ते सासूबाईंच्या कानावर घातलं. आता त्या वाटीएवढ्या होत्या.

"विस्तव मला मोडेल," लिनबाई म्हणाल्या. "मोडणं वेगळं आणि पुढे जाणं वेगळं. विस्तव धातूला दाबतो, त्या दाबण्यातून काही जन्मत नाही. माझ्या पोटी पाणी आहे, उत्तरा. पुसू नका एवढंच."

त्याच आठवड्यात घर आवळू लागलं. आधी पश्चिमेची खोली. कपाट भिंतीला टेकलेलं होतं ते भिंतीतून पुढे आल्यासारखं वाटू लागलं. मग जिन्याच्या पायऱ्या अरुंद झाल्या, मग दवाखान्यात पेशंटची तोंडं पूर्वीएवढी उघडेनात. डॉक्टर बारीक हत्यारं वापरू लागले. जेवायला बसलं की नवराबायकोचे गुडघे एकमेकांना लागत, आणि काही दिवसांनी ताट मांडीवर घ्यावं लागलं. उत्तराला श्वास पुरेना. ती रडत नव्हती तेव्हाही छाती भरून आलेली असे.

"अहो, घर लहान होतंय," ती म्हणाली.

"आपण दोघंच तर आहोत," डॉक्टर म्हणाले. "कशाला हवंय मोठं?"

"आपण तिघं आहोत."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "बाबा गेले तेव्हा मी मुंबईत परीक्षेला बसलो होतो," ते म्हणाले. "आलो तोवर सगळं आटपलं होतं. त्यांना एकही चाल मिळाली नाही, आणि मला त्यांचं तोंडही दिसलं नाही. हिला मी हातात धरून ठेवू शकतो, उत्तरा. हातात मावते ती आता."

उत्तराला त्यांची कीव आली आणि राग आला नाही. सासूबाई लाकूड होत्या तेव्हा घरभर रागच होता, आणि तो चैत्रातच संपला होता.

पुढच्या पहाटे ती त्यांच्या आधी उठली. दवाखान्यातलं सगळं गॉज तिनं बादलीत बुडवलं. मग टॉवेल, पंचे, चादरी, कपाटातल्या साड्या, डॉक्टरांचे रुमाल, उशांचे अभ्रे. बादली भरली तेव्हा पिंप घेतलं. घरात कोरडा धागा म्हणावा असा अंगावरच्या कपड्यांखेरीज उरला नाही.

पश्चिमेची खोली आता एवढीशी झाली होती की खिडकीच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले की कपाळाला कपाळ लागे. मध्ये, खिडकीच्या फळीवर लिनबाई होत्या, सुपारीएवढ्या. त्यांच्यावर दव धरत होतं.

"गॉज कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"भिजवलं."

"टॉवेल?"

"तेही."

डॉक्टरांनी शर्टाचं टोक विजारीतून ओढून काढलं. उत्तरानं त्यांचं मनगट धरलं.

"सोड."

"नाही सोडणार."

"पाणी झाली की ती माझ्याजवळ राहणार नाही."

"नाही राहणार," उत्तरा म्हणाली.

ती काहीतरी समजुतीचं बोलेल असं डॉक्टरांना वाटलं असावं. ते तिच्याकडे पाहत राहिले. एवढ्या जवळून त्यांना तिचा एकच डोळा दिसत होता.

"मग कुठे जाईल?"

"खाली जाईल. पाणी आणखी कुठे जातं?"

थेंबाला थेंब मिळाला. मोठा थेंब सुपारीच्या कडेला येऊन लोंबला आणि डॉक्टरांनी उत्तराच्या हातातलं मनगट ओढून घेतलं नाही. थेंब फळीवर पडला. मग दुसरा. मग लिनबाईंनी स्वतःला सोडून दिलं.

भिंती मागे सरल्या. एवढ्याशा धातूतून निघालेलं पाणी काळं आणि थंड होतं, आणि ते संपत नव्हतं. फळीवरून जमिनीवर, जमिनीवरून जिन्याकडे. त्याच वेळी बाहेर आश्विन सुटला. अडलेले दिवस एकदम आले. गल्लीत कुणी गाईला ओवाळत होतं, कुणी उटणं लावत होतं, शेजारच्या दारात रांगोळी आणि पलीकडे लवंगी फटाके, सगळं एकाच पहाटे. जमखंडीकर वहिनींचा हसण्याचा आवाज आला.

घरात मात्र भीती भरली. उत्तराला ती घोट्यापासून जाणवली. पाणी घोट्याएवढं होतं.

"मला भीती वाटतेय," डॉक्टर म्हणाले.

"वाटू दे. मलाही वाटतेय. हे भीतीचेच दिवस आहेत."

पण डॉक्टर जिन्याकडे धावले. पाणी पायरी पायरी उतरत होतं, घाई न करता, आणि ते त्याच्या आधी खाली पोचले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दातांचे साचे करायच्या प्लास्टरच्या गोण्या होत्या. त्यांनी त्या ओढत रस्त्याकडच्या उंबऱ्यापाशी आणल्या, फोडल्या आणि ओल्या हातांनी बांध घातला. माती पाण्याला अडवते हे त्यांना लहानपणी आईनंच शिकवलं होतं. हात कसबी होते. बघता बघता बांध कंबरेएवढा झाला, घट्ट बसला, पांढरा, गुळगुळीत, कुठे फट नाही. मग दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत नेला.

पाणी बांधाला येऊन टेकलं. त्यानं धडक मारली नाही. ते नुसतं थांबलं आणि चढू लागलं.

उत्तरा जिन्यात उभी होती. खालच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या.

"बांध फोडा," ती म्हणाली. "त्यांना पुढे जायचंय."

"बघू," डॉक्टर म्हणाले. "जरा राहू दे."

पाणी त्यांच्या मांड्यांना लागलं तेव्हा ते पेशंटच्या खुर्चीवर चढून बसले. त्या खुर्चीवर ते आजवर कधी बसले नव्हते. डोकं कुठे टेकवायचं हे त्यांना आधी कळेना. मग त्यांनी मान मागे टाकली आणि पायाजवळचा दांडा दाबून खुर्ची वर घेतली. पाणीही वर आलं. त्यांनी खुर्ची आणखी वर घेतली. चूळ भरायचा पेला तरंगत त्यांच्या कुशीपाशी आला आणि तिथेच थांबला. आता खुर्चीला वर जायला जागा उरली नव्हती.

बाहेर कुणीतरी बांधावर थाप मारून ओरडलं, "डॉक्टर, फराळाला या!"

"येतो," डॉक्टर म्हणाले. पाणी त्यांच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. "खारट आहे," ते उत्तराकडे न बघता म्हणाले.

पाणी अगदी निश्चल झालं. त्याच्या काळ्या पाठीवर दिव्याची बारीक ज्योतसुद्धा हलत नव्हती.

"आहुआ," पाणी म्हणालं. आवाज तारेसारखा नव्हता, मोठाही नव्हता. त्यात कसली घाई नव्हती. पाटावर बसलेल्या, जेवायला कंटाळलेल्या लेकराला म्हणावं तसं ते म्हणालं, "आ कर."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं, आणि पाणी घोट घोट खाली उतरू लागलं.