हिंगाची डबी

१९८३ साली माझी नात शामला पाच वर्षांची होती. ती बोलत नव्हती, कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. डॉक्टरांनी कागदावर ‘ऑटिझम’ असं लिहून दिलं. औषध काही लिहिलं नाही. मी वाचनालयात तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. शब्द मिळाला की शोधायचा, एवढंच मला येतं. एका परदेशी मासिकात सापडलं: अशा मुलांचं गहू आणि दूध पूर्ण बंद केलं तर ती सुधारतात, असं काहींना वाटतं. ‘असं काहींना वाटतं’ हे मी सुनेला सांगितलं होतं की नाही, ते आता आठवत नाही.

शामला दूधपोळी आणि वरणभात एवढंच खायची. माझ्या सुनेनं, प्रेमलतानं, दूधपोळी बंद केली. घरात गव्हाचं पीठच ठेवलं नाही. आम्ही सगळे ज्वारीच्या भाकरीवर आलो. शामला रिकामी वाटी कपाळावर आपटत राही.

शेजारच्या शोभाताई कुंपणावरून म्हणाल्या, “काहून वं, तुमच्या घरी आता पुस्तकंच वाढता का जेवाले? लेकरू काडी झालं.”

“रविवारपर्यंत बघतो,” प्रेमलता म्हणाली. “नाही बोलली तर देतो पोळी.”

मी रोज वहीत लिहीत होतो. तारीख, आणि पुढे ‘काही नाही’. चार महिने.

शनिवारी दुपारी खोकल्यासाठी लवंग शोधताना हिंगाची डबी हाती आली. छापलेलं दिसलं की वाचायचं ही माझी खोड. डिंक, गव्हाचा मैदा, हिंग. वरणाला रोज याच हिंगाची फोडणी होती. म्हणजे गहू एक दिवसही बंद झाला नव्हता. सांगितलं तर पोरीचे पुन्हा चार महिने. नाही सांगितलं, आणि पथ्याचा खरंच उपयोग होणार असला तर? मी डबीवरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग डबी प्रेमलतापुढे धरली.

तिनं डबीकडे पाहिलंही नाही.

“मले दुसऱ्याच महिन्यात समजलं, मामाजी. बिनहिंगाचं वरण केलं, तर तिनं तीन दिवस तोंडाले लावलं नाही. तेवढंच तर उरलं होतं तिच्यासाठी. चौथ्या दिवशी टाकला हिंग.”

“मले सांगितलं काहून नाही?”

“तुमी वही लिहून राहिले होते.”

बाजूला शामला भिंतीकडे तोंड करून वाटी फिरवत होती.

“पुन्हा सुरू करायचं का?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. मग कोठीतून गव्हाचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. “उद्या चक्की बंद असते. आजच दळून आणता का?”

मी चप्पल घातली. संध्याकाळी शामलानं दोन पोळ्या दुधात कुस्करून खाल्ल्या. वहीत मी तारीख टाकली. पुढे काय लिहावं ते सुचलं नाही. शेवटी लिहिलं, ‘जेवली.’