पाय धुण्याचा रविवार

वडिलांचा आवाज ऑर्फाला अजून ऐकू यायचा. ते चर्चमध्ये पुढे उभे राहून गीताची एक ओळ सोडत, एका दमात, भराभर, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. मग सारी मंडळी ती ओळ उचलून घेई आणि ओढत, वळवत, डोंगरावरून धुकं उतरावं तशी सावकाश खाली आणी. पेटी नाही, बाजा नाही, कुणाच्या हातात पुस्तक नाही. ऑर्फा तेव्हा आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत असायची. त्यामुळे शब्द काही राहिले नाहीत. आवाज तेवढा राहिला.

केंटकीच्या त्या खोऱ्यातलं ते लाकडी चर्च अजून उभं होतं. आता ओळ सोडायचा हॉबर्ट आयसन. ती उचलायला सातजण उरले होते आणि त्यातला एक ठार बहिरा. बायका म्हणाल तर दोनच: ऑर्फा, आणि हॉबर्टची बायको डेल्फिया.

मंडळी महिन्यातून एकदाच जमायची. शनिवारी कामकाजाची बैठक, रविवारी उपासना. आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, पाय धुण्याचा रविवार. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, झालं की कमरेला पंचा बांधायचा, घमेल्यात पाणी घ्यायचं, गुडघ्यावर बसायचं आणि एकमेकांचे पाय धुवायचे. पुरुषांनी पुरुषांचे, बायकांनी बायकांचे. दोनच बायका, म्हणजे डेल्फियाचे पाय ऑर्फाने धुवायचे, ऑर्फाचे डेल्फियाने. तिसरं कुणी नव्हतंच.

बुधवारी ऑर्फाची लेक रोवेना आली ती दारातूनच बोलत आली.

"आई, किन्झीचा बाप्तिस्मा ठरला. या रविवारी."

ऑर्फाच्या हातातला मक्याच्या पावाचा तवा तसाच राहिला. "या रविवारी?"

"हो. आमच्या चर्चच्या पार्किंगमध्ये मांडव घालतायत. मोठा हौद आणलाय पत्र्याचा."

"कसला हौद?"

"घोड्यांना पाणी पाजतात ना, तसला."

"अगं बाई! माझी नात घोड्यांच्या हौदात बुडवणार?"

"आणि तुला कुठं बुडवलं होतं? जानेवारीत, ओढ्यावरचा बर्फ फोडून! आजोबा कुऱ्हाड घेऊन पुढं चालत होते म्हणे. हौदातलं पाणी कोमट असतं, आई. किन्झीनं मुद्दाम सांगितलंय, आजी पहिल्या रांगेत हवी."

ऑर्फाने तवा खाली ठेवला. हमरस्त्यावरच्या बंद पडलेल्या किराणा बाजारात रोवेनाचं नवं चर्च भरायचं. गेले काही महिने, आपल्या चर्चला सुटी असलेल्या रविवारी ती गुपचूप रोवेनाबरोबर तिथे जायची. भर दुपारी आत अंधार करून ठेवलेला, ढोल वाजताहेत, भिंतीवर गाण्याचे शब्द उमटताहेत. ओळ सोडायला कुणी लागतच नाही. पाळक विशीतला, गुडघ्यावर फाटलेली विजार घातलेला. दारात एक मुलगी छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि म्हणायची, "आम्हाला तुम्ही फार आवडता हं!" बया, तू मला ओळखतेस कुठं, असं ऑर्फाच्या ओठांवर यायचं.

पण त्याच जागी, जिथे पूर्वी बटाट्याचे ढीग असायचे तिथे उभी असताना, एका रविवारी तिला रडू फुटलं होतं. हुंदके देऊन रडली ती. कशासाठी, ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. आपल्या चर्चमध्ये तिच्या डोळ्यांत पाणी येऊन युगं लोटली होती. देव बटाट्याच्या जागी येऊन बसला असेल, तर मग आपण इतकी वर्षं कुणाकडे जात होतो?

"त्याच दिवशी आमचं पाय धुणं आहे," ती म्हणाली.

"मग एक वर्ष नाही धुतले तर डेल्फियामावशीचे पाय काय झडणार आहेत?"

"असं बोलू नये." ऑर्फा हळूच म्हणाली, "तिच्यावर तुझा राग असणारच म्हणा."

"माझा? कशाबद्दल?"

"केसांबद्दल," ऑर्फा म्हणाली. रोवेना एकोणीस वर्षांची असताना केस कापण्याचं काम शिकायला गेली आणि स्वतःचेही केस मानेपर्यंत कापून आली. मंडळीच्या बायका केसांना कात्री लावत नसत. शनिवारच्या बैठकीत डेल्फिया उठून उभी राहिली, बोट दाखवून म्हणाली, "या मुलीनं देवानं दिलेलं वैभव जमिनीवर पाडलं." आणि मंडळीने सभासदांच्या यादीतून रोवेनाचं नाव काढून टाकलं. रोवेना ताठ मानेने बाहेर गेली. तिच्या मागे दार आपटलं, तो आवाज ऑर्फाच्या छातीत तेव्हापासून घर करून होता.

"ते होय!" रोवेना हसली. "अगं आई, मी विसरूनही गेले. त्यांनी काढलं नसतं तर अजून पायघोळ झगा घालून त्या बाकावर पेंगत बसले असते. मावशीचे आभारच मानायला हवेत."

लेक निघून गेली आणि ऑर्फाला काही सुचेना. पोरीची जखम म्हणून आपण इतकी वर्षं जपली, आणि पोरीच्या अंगावर तर वळसुद्धा नाही. मग हे ठसठसतंय ते कुणाचं?

शुक्रवारी डेल्फियाचा फोन आला.

"काय गं ऑर्फे, जिवंत आहेस ना? पंचे धुऊन इस्त्री करून ठेवलेत. आणि यंदा नखं कापून ये. गेल्या वर्षी मला ओरबाडलंस."

"मी नाही, तूच पाय ओढलास. गुदगुल्या होतात म्हणून."

"या वयात गुदगुल्या तरी होताहेत, हे नशीब म्हण." डेल्फिया खिदळली. मग आवाज खाली आला. "ऑर्फा, माझे पाय फार सुजलेत गं. बूट चढत नाहीत. हॉबर्टला दाखवत नाही मी, उगाच घाबरेल. तूच बघशील."

रविवारी येणार नाही हे उद्या सांगू, असं मनाशी म्हणत ऑर्फाने फोन ठेवला. हीच डेल्फिया, जी ऑर्फाचा नवरा गेला तेव्हा प्रेताशेजारी बसून राहिली होती, तिला एकदाही एकटं न सोडता. हिच्याच पायांवर आपण दर उन्हाळ्यात पाणी ओततो, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवतो, आणि मनात म्हणतो, हिनेच, हिनेच. हे धुणं म्हणायचं की काय म्हणायचं?

शनिवारी ती बैठकीला निघाली ती एकच वाक्य घोकत: उद्या मला येता येणार नाही, नातीचा बाप्तिस्मा आहे. साधं वाक्य. खरंही. वाटेत ओढा लागला, तो पाण्याविना पडलेला. तिने तेच वाक्य त्यालाही म्हणून दाखवलं.

डेल्फिया आधीच बाकावर बसली होती, पायांत नवऱ्याच्या सपाता. एके काळी कमरेखाली रुळणारे तिचे केस आता विरळ होऊन मानेवर सुपारीएवढा अंबाडा उरला होता. तिने शेजारची जागा थोपटली. ऑर्फा बसली.

हॉबर्टने ओळ सोडली, सातजणांनी ती कशीबशी पैलतीराला नेली. बहिरा क्लेटस सर्वांच्या मागून एकटाच पोचला आणि डेल्फियाने कोपराने ऑर्फाला ढोसलं, "हा स्वर्गातही उशिराच जाणार." ऑर्फाला हसू आलं. हसू आलं म्हणून वाईटही वाटलं.

मग हॉबर्ट उभा राहिला. पाय धुण्याच्या आदल्या दिवशी विचारायचा प्रश्न त्याने विचारला.

"बंधुभगिनींनो, मंडळीत शांती आहे का? कुणाच्या मनात कुणाविषयी अढी आहे का?"

दर वर्षी विचारायचे. दर वर्षी सगळे खाली बघायचे, घसा खाकरायचे, आणि पुढचं कामकाज सुरू व्हायचं. अढी निघालीच तर ती सुटेपर्यंत प्रभुभोजन नाही, पाय धुणं नाही, असा नियम होता. त्यामुळे अढी निघत नसे. आणि त्या दुसऱ्या ठिकाणी, दिव्यांच्या झगमगाटात, हे कुणी विचारतच नव्हतं. तिथे सगळे सगळ्यांना आवडत होते.

इथे विचारतात आणि कुणी उत्तर देत नाही. तिथे उत्तर द्यायला कुणी विचारत नाही.  ऑर्फाने समोरचा बाक धरला आणि मग लक्षात आलं की आपण उभ्या राहिलो आहोत.

"बोला, भगिनी," हॉबर्ट म्हणाला. "उद्या उपासनेनंतरच्या जेवणाचं काही आहे का?"

घोकलेलं वाक्य तोंडाशी होतं. ते नुसतं सोडायचं होतं.

"आहे," ती म्हणाली. "माझ्या मनात अढी आहे. डेल्फियाविषयी."

 क्लेटसने शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाली?" कुणी सांगितलं नाही.

ऑर्फा डेल्फियाकडे वळली. डेल्फियाने सपातांतले पाय आत ओढून घेतले होते.

"तू माझ्या लेकीला उभी राहून बोट दाखवलंस ना, तेव्हापासून. रोवेना विसरली गं. हसते ती. मलाच विसरता आलं नाही. दर वर्षी तुझे पाय धुतले मी, आणि एकदाही ते धुतले गेले नाहीत. उद्या मी इथे येईन की नातीकडे जाईन, मला खरंच कळत नाही. पण हे पोटात ठेवून तुझ्या पायांना हात लावणार नाही. आणि डेल्फे, तुझ्याशिवाय माझे पाय कुणाच्या ओंजळीत देऊ, तेही मला कळत नाही."