हातांनी न सांगितलेलं

अर्जातलं बाकी सगळं भरून झालं होतं. गुणपत्रक, शिफारसपत्रं, फोटो. उरला होता एक पुरवणी निबंध, अडीचशे शब्दांचा. कॉलेजने विचारलं होतं : जो निर्णय तुम्ही एकट्याने घेतला आणि ज्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही, असा एक सांगा. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

मुलीने लिहिलं, की तिच्या बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. ते पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करतात. बँकेत, दुकानात, दवाखान्यात त्यांच्या खुणांची भाषा तीच लोकांना सांगते. हा वसा तिने आनंदाने घेतला आहे.

शाळेतल्या बाईंनी कागद वाचून चष्मा काढला.

"छान आहे. असं छान या महिन्यात चाळीस वेळा वाचलंय मी."

बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला.

"यात तू देवदूत आहेस गं. देवदूतांना कॉलेज कशाला लागतंय? आणि हा निर्णय कसला, हे तर तुझ्या वाट्याला आलेलं काम. जे लिहायला हात धजत नाही, ते लिही."

"आणि ते घरी वाचलं तर?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग आधी घरीच वाचायला दे. कॉलेज कुठे पळून जात नाही."

काय लिहायचं, हे मुलीला प्रश्न वाचल्या क्षणीच कळलं होतं. म्हणून तर तिने दुसरंच लिहिलं होतं.

आई तिला आठवतही नव्हती. आजीनेच लेकालाही सांभाळलं आणि नातीलाही. आजी होती तोवर दुभाष्याचं काम तिचंच. नातीला शिकवतानाही तिने एकच नियम घातला होता : "समोरचा 'मी' म्हणाला, की आपणही 'मी'च म्हणायचं. पदरचं तिखटमीठ लावायचं नाही. देवाने आपल्याला पन्हळ केलंय बाई, पाणी आपलं नव्हे."

मग आजीच आजारी पडली. दोन वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, डॉक्टर बाबांकडे बघत सावकाश बोलले आणि तिच्यासाठी थांबले. पंधरा वर्षांच्या त्या पोरीचे हात वर गेले आणि तसेच राहिले. मग तिने खुणा केल्या : झोप लागली आहे, घरी जा, सकाळी या.

बाबांनी मान लववून डॉक्टरांचे आभार मानले आणि ते घरी आले. आजी पहाटे गेली. जवळ घरचं कुणी नव्हतं.

तेव्हापासून त्या डॉक्टरांचा विषय निघाला, की बाबांचे हात कडाडत. "ऐकू येत नाही म्हणून मला सांगितलंच नाही. घरी पाठवून दिलं." शेजाऱ्यांना, कारखान्यात, भेटेल त्याला. आणि ही तक्रार मुलगी प्रत्येक वेळी आवाजात उतरवत होती, जशीच्या तशी, तिखटमीठ न लावता.

नवा निबंध तासाभरात झाला. गुरुवारी दुपारी ती तो घेऊन कारखान्यात गेली. तिथे बाबांना सगळे गप्पीदास म्हणत, कारण त्यांचे हात कधी गप्प बसत नसत. आता मात्र ते शिवलेल्या पानांच्या पाठीला खळ लावत होते. एका हातात ब्रश, दुसऱ्यात पुस्तक. त्यांनी हनुवटीने खूण केली : ठेव समोर. पहिला निबंध त्यांनी वाचला होता, म्हणून भुवई उडवली : पुन्हा माझी आरती का?

ती हसली नाही.

लिहिलेली भाषा बाबांना पाहुणीसारखी, त्यामुळे ते हळू वाचत. दुसऱ्या परिच्छेदावर ब्रश थांबला. खळीचा एक थेंब टेबलावर पडला, तो त्यांनी पुसला नाही. शेवटपर्यंत वाचून ते उठले आणि बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागले. पाठमोऱ्या बाबांशी काही बोलता येत नाही. ती उभी राहिली. हात स्वच्छ झाल्यावरही ते बराच वेळ धूत होते.

परत येऊन त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"लिहिलंय त्यात."

"लिहिलेलं नको. ते बोलले तसं बोल."

डॉक्टर उभे होते तशी ती समोर उभी राहिली. एकेक खूण तिने स्पष्ट केली.

"मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आजची रात्र त्या काढतील असं वाटत नाही. त्यांना वेदना नाहीत, तेवढं औषध मी दिलंय. तुम्ही इथेच थांबा. त्या डोळे उघडणार नाहीत, पण हात हातात घ्या. कदाचित त्यांना कळेल."

"वेदना नव्हत्या?"

डॉक्टरांचा 'मी' सोडून स्वतःचा धरायला तिला एक क्षण लागला.

"नव्हत्या. मी तेही सांगितलं नाही."

बाबा स्टुलावर बसले. पलीकडून मशीनवाला ओरडला, "काय गप्पीदास, आज संप का?" सवयीने तिने तेही खुणांनी सांगितलं. बाबांनी तिकडे पाहिलं नाही.

"दोन वर्षं मी त्या माणसाला शिव्या देतोय."

"हो."

"तुझ्याच तोंडून."

"हो. बाबा, मी हे पाठवत नाही. दुसरं लिहिते."

बाबांनी कागद उचलला. पानं जुळवताना टेकवत, तशा त्याच्या कडा टेबलावर टेकवून सरळ केल्या आणि तिच्या हातात दिला.

"खरं आहे ना? मग पाठव."

माफ केलं का, हे त्यांनी सांगितलं नाही. विचारायचा तिला धीर झाला नाही. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, वाळलेली खळ सुटेपर्यंत थांबले, आणि पुस्तकाकडे वळता वळता पुन्हा हात मोकळे केले.

"शनिवारी हॉस्पिटलात जायचं. त्या डॉक्टरांना भेटायचंय."

"काय बोलायचंय?"

"ते मी बोलेन. तू सांगशील."

तिने मान हलवली. तेवढ्याने त्यांचं भागलं नाही. उत्तर हातांनी यायला हवं होतं. ते तिच्या हातांकडे बघत राहिले.

"सांगेन," तिने खूण केली. "सगळं."

मग त्यांनी ब्रश उचलला. तिने पुढे होऊन पुस्तक घट्ट धरलं, आणि खळ लावून होईपर्यंत दोघांचेही हात गुंतलेले राहिले.