मिठाने खाल्लेला उजेड

यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं केमिस्टबाईंचं ठाम मत होतं. त्यामुळे डायलिसिसवर असलेल्या त्यांच्या वडिलांच्या रक्तात ॲल्युमिनियम वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्या ठणकावून म्हणाल्या, "डायलिसिसचा द्रव मी स्वतः तपासते. स्वच्छ आहे."

"पाणीही स्वच्छ आहे, औषधंही," डॉक्टर म्हणाले. "मग आलं कुठून?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच द्रवात मोजून दहा भाग ॲल्युमिनियम घातलं आणि नमुना यंत्राला दिला. द्रवाचे तुषार धगधगत्या ज्योतीत गेले, ॲल्युमिनियमचा उजेड यंत्राने मोजला. पडद्यावर आकडा वाढला तो फक्त सहाने. पुन्हा केलं, पुन्हा सहाच. चार भाग काय वाऱ्यावर गेले?

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. द्रव मिठाने गच्च होता. मीठ ज्योतीचा जोर खातं आणि ॲल्युमिनियमचा उजेड मंदावतो. ज्यांच्या उजेडाशी यंत्र ताडून पाहतं ती तुलनेची द्रावणं मात्र बाई साध्या शुद्ध पाण्यात करायच्या, कारण त्यांच्या आधीच्या बाई तशाच करायच्या. मागील पानावरून पुढे चालू! त्या द्रावणांतही तेवढंच मीठ घालून ताडून पाहिलं, तर द्रवातलं ॲल्युमिनियम मर्यादेच्या बरंच वर निघालं. यंत्र बिचारं विचारलं तेवढंच सांगत होतं. बाई तो आकडा घेऊन प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेल्या.

साहेब म्हणाले, "दीड वर्षाचे रिपोर्ट मागे घ्यायचे? आधी नीट बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब, ही मूठ लोकांच्या रक्तात उघडतेय," बाई म्हणाल्या आणि साहेबांसमोरच त्यांनी डायलिसिस केंद्राला फोन लावला. द्रव तासाभरात बदलला.

संध्याकाळी त्या केंद्रात वडिलांच्या खुर्चीशी जाऊन बसल्या. लाज वाटत होती, पण आडपडदा ठेवला नाही.

"अप्पा, माझं चुकलं. द्रवात खोट होती, मला दिसली नाही."

अप्पांनी नळ्या लावलेला हात जपून सरळ केला. "हाडं ठणकायला लागली, तेव्हा तुझा भाऊ म्हणाला होता, दुसऱ्या केंद्रात जाऊ."

"मग गेला का नाहीत?"

"इथे भिंतीवर तुझ्या सहीचा रिपोर्ट लावलाय," अप्पा म्हणाले. "तिथे कोणाची सही असेल, कोण जाणे."