तारणाच्या पुढचे पान

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे आणि मागच्या बाजूने फाटलेले आहे. जरा जवळ बसा, मी हळू बोलते. मोठ्याने बोलले की शिवण ताणली जाते, आणि शिवण उसवण्याची मला फार भीती वाटते.

ख्रिस्ती सिद्धांतशास्त्र पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी मला लिहिले गेले. नाव जड आहे, काम मात्र तसे नाही. देव, जग आणि माणूस यांविषयी मनात येणारे प्रश्न ओळीने मांडायचे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला धरून आहे ना, ते पाहायचे. म्हणून माझे धडे एकमेकांना बिलगून उभे होते. आधी देव, मग सृष्टी, माणूस आणि त्याचे पाप. मग ख्रिस्त, तारण म्हणजे सुटका, पवित्र आत्मा, मंडळी म्हणजे श्रद्धावंतांचा समाज, आणि सर्वांत शेवटी आशा. प्रत्येक धड्याच्या अखेरीस ‘आजचे प्रश्न’ असा भाग होता. गरिबांच्या बाजूने, बायांच्या बाजूने, जंगल आणि पाण्याच्या बाजूने पाहिले तर हाच धडा कसा दिसतो, हे हल्लीचे अभ्यासक त्यात विचारत.

नागपूरच्या एका छापखान्यात मी तयार झाले. अड्याळचा प्रविण धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायचा, त्याने मला घेतले. ते माझे चांगले दिवस. एसटीत तो मला मांडीवर उघडायचा, पेन्सिलीने रेघा मारायचा. एखादे वाक्य आवडले की ‘वा’ म्हणायचा आणि शेजारचा प्रवासी चमकून पाहायचा. मग त्याला दूरच्या गावी नोकरी लागली आणि मी माळ्यावर गेले. शेजारच्या पुस्तकात वाळवी शिरली तेव्हा तिचे कुरतडणे मला ऐकू येई. याहून भयंकर काही नसेल, असे वाटायचे. पण घर झाडले गेले आणि मी रद्दीत पडले.

लाखांदूरच्या बसथांब्याजवळ ललिताबाईंची आलूबोंड्यांची टपरी आहे. बाई वाईट नाहीत. पण बारीक अक्षर त्यांना दिसत नाही आणि गिऱ्हाईक थांबत नाही. रद्दीतून मी त्यांच्या हाती आले आणि पुडे बांधायला त्या शेवटाकडून पाने फाडू लागल्या. टर्र. पहिल्यांदा आशा गेली. मग मंडळी गेली. पवित्र आत्म्याच्या पानांवर गरम आलूबोंडे बसले आणि ती पाने तेलकट होऊन नालीत गेली. एक तर गाईने खाल्ले. बाईंचा हात आला की मी अंग चोरायचे, पण पुस्तक पळून कुठे जाणार? आता तारणाची पाळी होती. ते गेले की माझ्यात पाप उरणार आणि सुटका नाही. मी लोकांना नुसते घाबरवणारे पुस्तक होणार, याच भीतीने मी गोठून गेले होते.

एवढ्यात तेजराम हे रोजचे गिऱ्हाईक खाता खाता थांबले.

“ललिताबाई, या कागदावर देवाचं नाव लिहून आहे वं. मी तं याच्यावरच तेलाचे हात पुसले.”

“कोणत्या देवाचं?”

“येशूचं दिसते.”

“देव तं देव. पाप लागन ना बाप्पा.”

“कोणाले? बांधून तं तुमी देल्लं.”

“अन् खाल्लं कोणं, भाऊ?” बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा चेहरा उतरला. देवाच्या नावाचा कागद पायदळी येऊ द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. आता बाई आणि मी, दोघीही घाबरलेल्या होतो.

त्यांनी मागे कांदे चिरत बसलेल्या सुनेला हाक मारली. “शुभांगी, नाव असलेली पानं ठेवजो, नसलेली फाडून देजो.”

शुभांगी बाळाला मांडीवर घेऊन एकेका ओळीवर बोट फिरवू लागली. बाळाने माझा कोपरा मुठीत धरला, तेव्हा मी श्वास रोखला. पानापानावर नाव होते. शेवटचे पान आले.

“आई, याच्यावर कुठंच नाव नाही.”

“मंग फाड.”

तिचे बोट शिवणीपाशी आले. फाडण्याआधी ती ते पान वाचू लागली, बाळाला थोपटत थोपटत.

“‘तारण काय मेल्यावरच मिळायचे? आज जो उपाशी आहे, ज्याला पाणवठ्यावर दूर उभे करतात, जिला घरातच मार बसतो, त्यांची सुटका आज कोण करणार?’”

बाईंचा झारा कढईवर थांबला.

“ते बाईचं अजून एकदा वाच.”

शुभांगीने वाचले.

“मंग? कोण करन? पुढं काय लिहून आहे?”

शुभांगीने पाहिले. पुढे नुसते दोरे लोंबत होते.

“पुढचं फाटलं, आई.”

बाईंनी बोटाने ते दोरे चाचपले. आलूबोंडे करपू लागले.

“मीच खाऊ घातलं वं ते लोकाईले.”

मित्रांनो, त्या पुढच्या पानावर काय होते, ते मलाही आठवत नाही. पुस्तकाचे जे फाटते ते त्याच्याजवळून कायमचे जाते. मी खूप आठवून पाहिले, आणि आत काहीच नाही हे कळले, तेव्हा वाळवीच्या वेळेपेक्षाही जास्त घाबरले.

हल्ली टपरीवर पळसाच्या पानांचे द्रोण असतात. मी पिठाच्या डब्यामागे फडक्यात असते. कुठे कापड फाटल्याचा आवाज झाला तरी दचकते. ललिताबाई मधूनच एखाद्याला विचारतात, “भाऊ, मागं नेलेला कागद घरी तं नाही ना ठेवला?” लोक हसून एसटीत चढतात.

म्हणून तुम्हाला हात जोडते. हातात पुडा आला तर चुरगळण्याआधी उघडून एकदा वाचा. पिवळट कागद, बारीक छपाई, पेन्सिलीच्या रेघा. घरात मार खाणाऱ्या बाईला कोण सोडवतो, हे त्यावर लिहिलेले सापडले, तर तेल लागलेले असले तरी चालेल. लाखांदूरला आणून द्या. बाई विचारायच्या थांबण्याआधी आणा.