वंदनाताईंच्या डाव्या पायाखाली

मित्रांनो, मी एका जुन्या टायरचा तुकडा आहे. तळहाताएवढा, काळा, सायकलच्या डाव्या पेडलवर बसलेला. पण माझ्या आकारावर जाऊ नका. एके काळी मी उसाच्या ट्रॉलीचं अख्खं चाक होतो! अंकुशनगरच्या कारखान्याकडं मी एकदा इतका जोरात पळालो, की माझी सावली वडीगोद्रीतच मागं राहिली आणि दुसऱ्या दिवशी धापा टाकत येऊन भेटली. एकदा अंगात खिळा घुसला, तर त्याला मी माझ्या इतक्या गोष्टी सांगितल्या की तो कंटाळून आपणहून बाहेर पडला. यातलं थोडं कमी करून घ्या हवं तर. पुढचं मात्र जसंच्या तसं घ्या.

चाकं ज्यावर बसतात, तो आमच्या ट्रॉलीचा आस वाकला होता. त्यामुळं मी एकाच अंगानं झिजत गेलो. ट्रॉलीवाल्या अण्णासाहेबांनी मला एक लाथ घातली आणि म्हणाले, "टायरच बोगस निघालं." ट्रॉलीखाली डोकावून कुणी पाहिलंच नाही. मग मी पडलो हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानामागं. पावसाळ्यात पोटात पाणी साचलं आणि डासांनी त्यात संसार मांडले.

तिथं मला वंदनाताई भेटल्या. त्या गावच्या आशाताई, घरोघरी आरोग्याचं बघणाऱ्या. साचलेलं पाणी ओतत, गरोदर बायांची विचारपूस करत त्या सायकलवर वस्त्या पालथ्या घालायच्या. त्यांनी मला उपडं करून रिकामं केलं आणि उठताना कमरेवर हात ठेवून "आई गं!" म्हणाल्या. मग सायकलवर बसल्या. मी जमिनीवर पडलेला, त्यामुळं मला नीट दिसलं. उजवा पाय पेडलवर आरामात टेकत होता. डावा मात्र चवड्यावर ताणून कसाबसा पोचायचा, आणि त्याला पोचवायला प्रत्येक फेऱ्याला कंबर डावीकडं कलायची.

पुढची हकीकत मला नंतर त्यांच्याच घरी ऐकायला मिळाली. लहानपणी त्या चिंचेवरून पडल्या होत्या. हाड जुळलं, पण डावा पाय बोटभर आखूड राहिला. चालताना फारसं जाणवायचं नाही, सायकलवर जाणवायचं. आणि घरात सगळे रागवायचे ते बिचाऱ्या सीटवर! त्यांचे यजमान संघपाल शाळेत गुरुजी. दर रविवारी ते सीटचा नट आवळायचे. सीट खाली घेतली तर उजवा गुडघा बोंब मारायचा, वर केली तर कंबर. सासूबाई मालनबाई ओट्यावरून ओरडायच्या, "अगं, सरळ बस की जरा! मिरवणुकीत निघाल्यावानी डुलून काहून राह्यली?"

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. तोडणी टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, गावापासून लांब, उसाच्या फडांच्या कडेला. त्यातल्या एका कोपीत कौसल्या होती, आठवा महिना लागलेली, मुलखापासून दूर आलेली पोर. वंदनाताईंनी तिला शब्द दिला होता, बाळ होईपर्यंत मी येत राहीन. पण एका संध्याकाळी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिथंच खाली बसल्या. "आत्याबाई, आता होत न्हाई. सायकल विकून टाका. पायी एवढ्या वस्त्या व्हायच्या न्हाईत, कामबी सोडते."

मालनबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. डुलण्याची चेष्टा त्या दिवशी थांबली. "मंग त्या पोरीचं काय गं?" एवढंच त्या बोलल्या आणि सुनेची कंबर तेलानं चोळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वंदनाताईंना नवीन जालन्यात फिजिओथेरपिस्ट बाईंकडं घेऊन गेले. बाईंनी दोन्ही पाय टेपनं मोजले. "सायकल सोडू नका. पाय लांब करता येत नाही, पण पेडल जवळ आणता येतं. डाव्या पेडलवर जाड रबर घट्ट बसवा. आधी अर्ध्या बोटाचं, सवय झाली की वाढवा. आणि कमरेचा व्यायाम रोज."

मग गुरुजी पंक्चरच्या दुकानात आले आणि माझ्या न झिजलेल्या अंगाचा तुकडा कापून घेऊन गेले. सायकलच्या समोर उभं राहून, मोठ्या प्रेमानं त्यांनी मला बोल्टनं आवळलं. वंदनाताई बसल्या आणि उजवा गुडघा हनुवटीला भेटायला आला!

"अहो, हे तर उजवीकडं बसवलं तुम्ही!"

मालनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "संघ्या, पोरांला डावं-उजवं तूच शिकवतो न्हं रे शाळेत?"

गुरुजी गोरेमोरे झाले, पण हसले आणि मला डावीकडं आणलं. वंदनाताईंनी पाय ठेवला, तो पुरा, टाचेसकट. पहिल्या दिवशी त्या हळू गेल्या, दुखण्याची वाट बघत. मी सगळा जोर लावून धरून होतो. रोज सकाळी मालनबाई समोर बसून व्यायाम करून घ्यायच्या. दुखणं एका रात्रीत पळालं असं मी म्हणणार नाही, मित्रांनो, तेवढी थाप मलाही झेपत नाही. ते कमी कमी होत गेलं. एकदा मालनबाईंनी विचारलं, "कंबर काय म्हणती?" तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, आज ध्यानातच आली न्हाई!"

कौसल्याला दवाखान्यात मुलगी झाली. तिला कोपीवर आणलं त्याच दिवशी आम्ही गेलो. वंदनाताईंनी सायकल दाराशी टेकवली, बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्या इवल्या टाचा हळूच एकमेकींना जुळवून पाहिल्या.

"काय बघून राह्यल्या, ताई?" कौसल्या घाबरली.

"काही न्हाई गं. बिलकुल बराबर हायत. नसत्या, तरी पळालीच असती."

म्हणून सांगतो, मित्रांनो, कुणी कलून चालत असेल, झिजत असेल, तर त्याला "सरळ हो" म्हणून ओरडू नका. जरा वाका आणि त्याच्या पायाखाली काय कमी पडतंय ते पाहा.