मास्तरांच्या कार्डावर

महिन्याचा शेवटचा मंगळवार म्हणजे वाचनालयाचं माहितीपत्रक काढायचा दिवस. ग्रंथपालबाईंनी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, कालची वर्तमानपत्रं गठ्ठ्यात टाकली आणि नेहमीप्रमाणे लिहायला बसल्या. वाचनकक्षात चार नव्या खुर्च्या आल्या आहेत, पैकी एक डुगडुगते, जपून बसावे. गळते छप्पर दुरुस्त झाले आहे. दर शनिवारी मुलांसाठी गोष्टींचा तास. मुलांनी खाऊ आणू नये, पुस्तकांना मुंग्या लागतात. आणि शेवटी ठळक चौकटीत: येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता 'वर्षातील उत्तम वाचक' सन्मान, आपले दिवंगत सभासद टेलरमास्तर यांना मरणोत्तर. एका वर्षात एकशे अठ्ठ्याऐंशी पुस्तके!

उद्गारचिन्ह देऊन बाईंनी खण उघडला, मास्तरांचं कार्ड काढलं आणि त्यावर 'बंद' असा शिक्का मारला. सभासद वारला की कार्ड बंद, असा नियमच होता. एका हातानं सन्मान, दुसऱ्या हातानं शिक्का, आणि बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. वीस वर्षं तेच काम केलं की हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही.

मास्तर दर शनिवारी कापडी पिशवी घेऊन यायचे. चार पुस्तकं परत, चार नवी. आणि जाता जाता एखाद्या पुस्तकाबद्दल असं काही बोलून जायचे की बाई दिवसभर ते घोळवत बसायच्या. शिलाई मशीनवर बसणारा माणूस इतकं वाचतो कधी, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नाही. पडायला हवा होता.

कारण मास्तर वाचत नव्हते. वाचत होती त्यांची बायको. काजं करताना, हातशिलाई घालताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. रात्री जेवताना ती पुस्तकाविषयी बोलायची, मास्तर मान डोलवत ऐकायचे आणि त्यातलं चांगलंसं एक वाक्य शनिवारी वाचनालयात नेऊन ठेवायचे. माणूस वाईट नव्हता. तिनं एकदा विचारलं होतं, "माझंही कार्ड काढू या का?" तेव्हा ते हसून म्हणाले होते, "एका घरात दोन कार्डं कशाला? मी आणतोय ना!" आणि खरंच, मरेपर्यंत एक शनिवार चुकवला नाही त्यांनी.

बाईमाणसानं वाचनालयात जायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नसल्यामुळे ते खोडताही येत नव्हतं. लिहिलेली एकच ओळ होती, सभासदत्वाच्या अर्जाच्या तळाशी: 'महिला अर्जदारांसाठी – घरातील कर्त्या पुरुषाची सही.'

मास्तर गेल्याला तीन आठवडे झाले होते. ती रडली नव्हती. शेजारणी म्हणाल्या, धक्का बसलाय. तिला स्वतःला धक्काबिक्का काही जाणवत नव्हता, काहीच जाणवत नव्हतं. सकाळी उठायची, चहा करायची, सवयीनं दोन कप ठेवायची, एक परत फडताळात लावायची आणि मशीनवर बसायची. मास्तरांनी बेतून ठेवलेले बारा कपडे अर्धवट पडले होते. गिऱ्हाइकं संकोचानं दारातूनच चौकशी करायची. तिनं एकेक शिवून दिला.

मोठे दीर शेजारच्याच खोल्यांत राहायचे. त्यांची पिठाची गिरणी होती, भुवयांवर कायम पीठ असायचं. माहितीपत्रक घेऊन ते आले.

"बघ, किती मान दिलाय त्याला! मी घेतो स्वीकारून. तू ये, पण मागं बस. लोकांच्या नजरेत येईल असं नको."

"दादा, ते कार्ड माझ्या नावावर होईल का?"

"कार्ड?" त्यांना खरोखरच कळेना. "आता वाचून काय करायचंय तुला? महिना नाही झाला अजून. लोक म्हणतील, हिला काही सोयरसुतकच नाही."

"बरं," ती म्हणाली. शेवटचं पुस्तक अर्धं वाचून झालं होतं तेव्हा दिरांनीच ते नेऊन परत केलं होतं. अर्ध्यातून गेलेल्या त्या पुस्तकाचं तिला वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही, आणि याचीच तिला भीती वाटली. पुस्तकं गेली तर आता आपलं काहीच उरत नाही, एवढं मात्र तिला स्वच्छ कळत होतं.

रविवारी तीस-पस्तीस माणसं जमली. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, बोलायला लागले की घंटा वाजेपर्यंत थांबायचे नाहीत आणि इथं घंटा नव्हती. ते झाल्यावर ग्रंथपालबाई उठल्या.

"मास्तर कसे वाचायचे, त्याचा एकच नमुना सांगते. तीन देश पायी फिरलेल्या एका गृहस्थांचं प्रवासवर्णन त्यांनी परत केलं आणि म्हणाले, 'बाई, हा माणूस तीन देश चालला, पण एकदाही कपडे धुतल्याचं लिहीत नाही!'"

लोक हसले. टाळ्या पडल्या. दीर पुढं झाले.

"धुणारी होती," मागून आवाज आला.

माना वळल्या. ती उभी होती. उभं राहायचं असं तिनं ठरवलं नव्हतं.

"तिसऱ्या प्रकरणात आहे ती. एकाच ओळीत. 'एक बाई सोबत होती, ती कपड्यांचं वगैरे बघायची.' पुढं कुठं नाही. हे मी यांना सांगितलं होतं, ते सांगायचं राहिलं असेल त्यांचं." ती थांबली. "ती पुस्तकं मी वाचलीत. सगळी. यांच्या नावानं बक्षीस घेऊ नका, दादा."

कुणी ओरडलं नाही. तसं झालं असतं तर एक वेळ बरं होतं. अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "वहिनी, बसा. दुःख मोठं आहे, आम्ही समजू शकतो." पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी 'च्च' केलं. कुणीतरी पाणी आणलं. दिरांनी सन्मानपत्र घेतलं, फोटो निघाला, आणि आभारप्रदर्शन ठरल्याप्रमाणे पार पडलं.

सगळे गेल्यावर बाईंनी ते प्रवासवर्णन कपाटातून काढलं. तिसरं प्रकरण. ओळ होती, शब्दन् शब्द तीच. पुस्तक त्यांनी स्वतः दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा त्या ओळीवरून त्यांची नजर सरळ पुढं गेली होती, आणि आपण बाई असून गेली याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी वर्षाची नोंदवही उघडली. भराभर पुस्तकं नेणारे सगळे पुरुष. वाण्याचं दुकान, गॅरेज, दवाखान्यातले कंपाउंडर. दिवसाचे बारा तास कामावर उभी असणारी माणसं. यांच्या घरी कोण वाचतं, हे वीस वर्षं शिक्के मारणाऱ्या ग्रंथपालाला माहीत नव्हतं.

सोमवारी त्या कोरा अर्ज घेऊन मास्तरांच्या घरी गेल्या. भिंतीवर मास्तरांच्या फोटोशेजारी सन्मानपत्र लागलं होतं. दीर म्हणाले, "मी सही करणार नाही. काल चारचौघांत माझ्या मेलेल्या भावाचं हसं केलं हिनं."

"हसं नाही हो केलं, खरं सांगितलं."

"ते तुमच्याकडं ठेवा. मी आधी घर बघायचं की वाचनालय?"

ती मशीनवरून उठली नाही. म्हणाली, "अर्ज ठेवून जा, बाई."

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला वाचनालयाचं दार ढकलून ती आत आली. घरापासून चालत पाच मिनिटांचं अंतर, आणि कार्यक्रमाची ती एक संध्याकाळ सोडली तर या इमारतीत तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. तिनं घडी घातलेला अर्ज टेबलावर ठेवला.

बाईंनी तो उघडला. अर्जदाराच्या जागी सही होती. तळाशी, कर्त्या पुरुषाच्या जागीही सही होती. अक्षर एकच, नाव एकच. मास्तरांची बायको, मास्तरांच्या घरचं माणूस, वहिनी, असं म्हणत इतकी वर्षं गेली. तिचं नाव बाईंनी पहिल्यांदा वाचलं. ते त्या अर्जावर आहे. इथं मी लिहीत नाही.

"इथं कर्त्या पुरुषाची सही लागते," बाई म्हणाल्या. म्हणता म्हणताच त्यांना ते स्वतःच्या कानाला विचित्र लागलं.

"कर्ता पुरुष गेला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. "त्याचे बारा कपडे राहिले होते, ते मी शिवले. आता नवे येतायत, तेही मीच शिवते. घर मी चालवते. मग सही कुणाची लागेल?"

बाईंनी नवं कोरं कार्ड काढलं आणि त्यावर ते नाव लिहिलं. या वेळी हात आपोआप चालत नव्हता.

"काय देऊ वाचायला?"

"माहीत नाही. महिनाभर एक अक्षर डोक्यात शिरलेलं नाही. शिरेल की नाही, तेही ठाऊक नाही. पण पुस्तक घरात असू दे."

बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढून त्यावर शिक्का मारला. मग अर्जाकडं पाहत म्हणाल्या, "येत्या रविवारी समितीची बैठक आहे. अध्यक्ष या सहीबद्दल मला विचारणार."

"मला विचारायला सांगा," ती म्हणाली. "आजवर कुणी विचारलंच नाही."